एकच उन्हाची जागा आणि लिंबाची तीन झाडं: फोंड्याच्या एका परसातलं प्रकरण

हे प्रकरण गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका घराचं आहे. कुटुंब ओळखीतलं, त्यामुळे नाव-गाव बाजूला ठेवतो. घर उतारावर, मागे परसू, परसात दोन माड, एक जुना मानकुराद आंबा, कढीपत्ता नि न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळी. मानकुरादाची सावली एवढी पसरलीय की दिवसातले सहा-सात तास ऊन मिळेल अशी जागा उरली एकच, गडग्याला (दगडी कुंपणाला) लागून, साधारण बारा फूट बाय बारा फूट. तिथे लिंबू लावायचं हे सगळ्यांना मान्य होतं, कोणतं लावायचं यावर मात्र घरात तीन मतं होती.

काकींना कागदी लिंबूच हवं होतं. बांगड्याला मीठ-मिरचीबरोबर लावायला, वरण-भातावर पिळायला, लोणच्याला, नि चवथीच्या माटोळीला (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीला) पानांसकट घोस बांधायला. त्यांच्या माहेरच्या कुळागरात (पोफळी-माडांच्या बागेत) कागदीचं झाड होतं आणि त्याच्या सालीचा वास दुसऱ्या कशाला येत नाही असं त्या म्हणतात, जे खरंच आहे. दादाला सीडलेस हवं होतं, कारण फळ मोठं, रस भरपूर, बिया नाहीत, आणि मुख्य म्हणजे काटे कमी, घरात चार वर्षांची मुलगी दिवसभर परसात खेळते. वहिनी केक करून विकतात, त्यांना पिवळं जाड सालीचं लेमन हवं होतं, साल किसून घालायला. त्यांनी ऑनलाइन फोटो बघून ठेवला होता, हातभर उंचीचं झाड नि त्याला पिवळीधमक फळं लगडलेली.

मला बोलावलं ते रोप कुठून आणायचं हे विचारायला. पण मी आधी झाडाचा विषयच काढला नाही, वर्षभरात लिंबं कधी नि किती लागतात ते विचारलं. गोव्यात लिंबाचं झाड निवडताना हा प्रश्न सगळ्यात आधी यायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, फळाची चव वगैरे नंतर. उत्तर असं आलं की रोजची दोन-तीन लिंबं बाराही महिने, लोणच्याला वर्षातून एकदा शंभरेक, आणि मार्च ते मे सरबत, सोडा, आल्या-गेल्याला काहीतरी थंड, त्यामुळे रोजचा खप दुप्पट-तिप्पट.

आता बाजाराकडे बघा. आपल्याकडे येणारं बहुतेक कागदी लिंबू घाटावरून येतं, कर्नाटकातल्या इंडी तालुक्याकडचं बरंच. कागदीला मोठा बहर येतो जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे अंबिया बहर, आणि त्याची फळं तयार होतात पावसाळ्यात. त्यामुळे जून-जुलै-ऑगस्टला लिंबू स्वस्त, पिशवी भरून घ्या, आणि एप्रिल-मेमध्ये जेव्हा सगळ्यांनाच हवं असतं तेव्हा माल कमी. पुढे 2022 च्या एप्रिलमध्ये तर देशभर एकेक लिंबू दहा-पंधरा रुपयांना गेलं होतं, आठवत असेल. म्हणजे लोणच्याची शंभर लिंबं बाजारातून पावसाळ्यात आणणं कधीही परवडतं, चांगली पातळ सालीची निवडून आणता येतात. घरच्या झाडाने द्यायला पाहिजे ते बाजार स्वस्तात देत नाही ते, म्हणजे रोजचं लिंबू नि उन्हाळ्यातलं लिंबू. हे मी काकींना सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या, पटलं होतं पण आवडलं नव्हतं.

वहिनींच्या लेमनचं आधी बघू, कारण ते सगळ्यात लवकर निकालात निघालं. यूरेका, लिस्बन वगैरे जी खरी लेमनं, ती इटली, स्पेन, कॅलिफोर्निया अशा भागात होतात जिथे उन्हाळा कोरडा असतो नि पाऊस थंडीत पडतो. आपलं नेमकं उलटं. इथे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, तोही गरम दमट हवेत, बुरशीला याहून चांगलं काही मिळणार नाही. दुसरं म्हणजे तो पिवळा रंग. लेमनची साल पिवळी व्हायला रात्री थंड लागतात, सालीतला हिरवा रंग त्या गारव्याने उतरतो. गोव्यात फळ आतून पूर्ण तयार होईल पण वरून हिरवट राहायची शक्यता जास्त. वहिनींना साल किसायची होती, तर सीडलेसची हिरवी सालही किसून केकमध्ये चांगली लागते, फक्त पांढऱ्या भागापर्यंत किसायचं नाही, तो कडू. त्यांनी बाजारातून मोठी सीडलेस आणून एक केक करून बघितला आणि स्वतःच लेमनचा हट्ट सोडला.

मग राहिली दोन, कागदी आणि सीडलेस. इथे थोडं सविस्तर लिहितो कारण लोक इथेच चुकीच्या माहितीवर ठरवतात.

कागदीचा मोठा शत्रू म्हणजे खैऱ्या, कँकर. पानावर, फांदीवर, फळावर तपकिरी खरबरीत फोड, भोवती पिवळं वलय. हा बुरशीचा नाही, जिवाणूचा रोग आहे, वाऱ्याबरोबर उडणाऱ्या पावसाच्या पाण्यातून पसरतो आणि कोवळ्या पालवीला झालेल्या जखमांतून आत शिरतो. त्या जखमा करते नागअळी, पानात वेडीवाकडी चांदीसारखी रेघ दिसते ना, तीच. आता गोव्यात बघा, पाऊस, वारा, कोवळी पालवी आणि नागअळी हे चारही जून-जुलैत एकत्र येतात. कागदी लिंबू या रोगाला फारच लवकर बळी पडतं. सीडलेस, म्हणजे ताहिती जातीचं, त्यालाही होतो, पूर्ण सुटका नाही, पण बरंच सोसतं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने काढलेलं साई शरबती हे कागदीतलंच वाण खैऱ्याला त्यातल्या त्यात दाद न देणारं म्हणून लोक घेतात, चांगलं वाण आहे, पण ते ज्या भागात तयार झालं तिथे पाऊस 500-600 मिलिमीटर. फोंड्याच्या पावसात त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा धरू नये असं मी सांगितलं.

पण एक गोष्ट घरगुती झाडाच्या बाजूने आहे. खैऱ्याचे डाग सालीवर असतात, आतला रस चांगलाच असतो. विकणाऱ्याचा माल पडतो, आपल्याला काही फरक पडत नाही. म्हणून गोव्यात कित्येक घरांत खैऱ्या लागलेलं कागदीचं झाड वर्षानुवर्षं फळं देत उभं असतं आणि लोक म्हणतात आमच्याकडे तर काहीच केलं नाही तरी येतात. खरं आहे ते. मात्र रोग फार झाला की पानं गळतात, टोकाकडून फांद्या वाळत येतात, कोवळी फळं पडतात, मग झाड खुरटतं. बारा बाय बाराच्या एकुलत्या एक जागेत मला तो जुगार नको होता.

तरी खैऱ्याने झाड सहसा मरत नाही, मरतं ते पाण्याने, आणि या प्रकरणातलं खरं काम तिथेच होतं.

त्या कोपऱ्यात फूट-दीड फूट माती, त्याखाली जांभ्याचा कातळ. नेहमीची पद्धत म्हणजे पहारीने दोन-तीन फूट खड्डा फोडायचा, शेणखत-माती भरायची आणि रोप लावायचं. आम्ही आधी फूटभर खणून तो खड्डा पाण्याने भरून ठेवला, दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं पाणी तसंच होतं. म्हणजे इथे कातळात खोल खड्डा म्हणजे हौदच झाला असता, जुलैत मुळं त्यात बुडून राहिली असती. लिंबूवर्गीय झाडांना हे अजिबात चालत नाही, मुळं कुजतात आणि बुंध्यातून डिंक गळायला लागतो, डिंक्या म्हणतात तो, आणि त्यामागे फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव असतो, जो ओल्या मातीत पाण्यातूनच फिरतो. झाड पिवळं पडतं, लोकांना वाटतं खत कमी पडलं, खत घालतात, मग एका उन्हाळ्यात झाड अचानक वाळतं. मी बघितलेली गोव्यातली बहुतेक मेलेली लिंबं अशी गेलीत.

म्हणून खड्डा केलाच नाही. पडून असलेले जुने चिरे गोल लावले, सहा फूट व्यासाचा दीड फूट उंच ओटा केला, खालचा कातळ पहारीने नुसता खरवडून भेगा पाडल्या, उताराच्या बाजूला दोन चिऱ्यांत फट ठेवली, पाणी निघून जायला. भरायला परसातली माती, कुजलेलं शेणखत, थोडी जाड रेती, दोन किलो निंबोळी पेंड आणि शेतीचा चुना मूठ-दोन मूठ, कारण आपली जांभ्याची माती आंबट असते. मातीची टेस्ट करून मगच चुना किती ते ठरवणं जास्त चांगलं, जुन्या गोव्यातल्या एला इथे आयसीएआरची किनारी शेतीची संशोधन संस्था आहे, तिथे चौकशी करता येते, शिवाय तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयातही.

ओट्यावर सीडलेस लावायचं ठरलं. कारणं वर आलीच, पाऊस सोसतं, काटे कमी, वर्षभर थोडी थोडी फळं देतं, बिया नाहीत, रस भरपूर. परागीभवनाला दुसरं झाड लागत नाही, एकटं झाड फळतं.

काकींच्या कागदीचं काय, हा प्रश्न मात्र मी सोडून देणार नव्हतो. घरातल्या ज्या माणसाच्या हातचं स्वयंपाकघर आहे त्याला नको असलेलं झाड लावून उपयोग नसतो, कुणी त्याच्याकडे बघत नाही. आणि इथे एक गोष्ट लक्षात आली, कागदीचा त्रास आहे पावसाचा, तर त्याला पावसात ठेवायचंच कशाला? मागच्या पडवीला पूर्वेकडून पत्र्याची शेड आहे, सकाळचं ऊन तिरकं आत येतं. म्हणून कागदीचं कलम ड्रममध्ये. निळा प्लास्टिकचा ड्रम मधून कापलेला, बुडाला सात-आठ भोकं, खाली चाकं लावलेली लाकडी फळी. ऑक्टोबर ते मे अंगणात उन्हात, पाऊस सुरू व्हायच्या आधी शेडखाली. पान कोरडं राहिलं की खैऱ्याला पसरायला वाटच उरत नाही. काकी म्हणाल्या, "ड्रमातलं लिंबू किती येणार रे?" मी म्हटलं, "काकी, माशाला पिळायला पुरेल, लोणच्याला नाही पुरायचं." त्यावर त्या तयार झाल्या.

रोपं घेताना

पहिल्या नर्सरीत सीडलेस म्हणून जे दाखवलं ते सीडलेस नव्हतं. लेबल होतं, पण झाडावर बारीक तीक्ष्ण काटे दाट, पान लहान, कळी पूर्ण पांढरी, हा सगळा कागदीचा थाट. सीडलेसचं पान मोठं, काटे कमी नि बोथट. खऱ्या लेमनची नवी पालवी आणि कळी जांभळट असते, तेवढं बघितलं तरी नर्सरीत निम्मी फसवणूक टळते. दुसऱ्या ठिकाणाहून रंगपूर खुंटावर, म्हणजे खालची मुळं रंगपूर लिंबाची असं, बांधलेलं कलम मिळालं, हाच खुंट मी शोधत होतो, जंबेरी या दुसऱ्या नेहमीच्या खुंटापेक्षा तो मूळकूज जरा बरी सोसतो. कलमाचा सांधा मातीपासून वीतभर तरी वर राहील असं लावायचं आणि सांध्याच्या खालून फुटवा आला की लगेच खुडायचा, नाहीतर दोन वर्षांनी तुम्ही रंगपूरचं झाड वाढवत असता.

कागदी बियांपासूनही करता येतं, त्याच्या एका बीमध्ये अनेक अंकुर असतात आणि त्यातले बरेचसे आईसारखेच निघतात, त्यामुळे काकींच्या माहेरच्या झाडाचं बी लावणं शक्य होतं. पण बियांच्या झाडाला फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात आणि लहानपणी काटे भयंकर, म्हणून कलम घेतलं. माहेरचं बी काकींनी तरीही एका कुंडीत पेरलंय.

लावणी 2021 च्या सप्टेंबरात केली, जोराचा पाऊस ओसरल्यावर. जूनमध्ये लावायचा आपल्याकडे रिवाज आहे पण कोवळ्या कलमाला फोंड्याचा जुलै सोसायला लावायची मला गरज वाटत नाही, विहिरीला मार्चपर्यंत भरपूर पाणी असतं तर तोवर झाड मूळ धरतं.

पुढे काय झालं

पहिल्या पावसाळ्यात ओट्याने काम केलं, आजूबाजूला पाणी साचलेलं असताना ओट्यावरची माती दोन तासांत निथळायची. पानांवर लिंबू फुलपाखराच्या अळ्या आल्या, लहान असताना त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात म्हणून कुणाचं लक्ष जात नाही, नि मोठ्या झाल्या की हिरव्या होऊन दोन दिवसांत फांदी बोडकी करतात. हाताने वेचणं एवढाच उपाय, लहान झाडाला फवारणीची गरज नाही. मुलीने हे काम स्वतःकडे घेतलं. एकदा झाडावर हुमल्यांनी (पानं जोडून घर करणाऱ्या लाल मुंग्यांनी) घर केलं, दादा जाळायला निघाला होता, मी थांबवलं. हुमले चावतात हे खरं पण अळ्याही खातात, चीनमध्ये लिंबूवर्गीय बागांत कीड खायला हेच मुंगळे सोडायची पद्धत सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीपासून नोंदलेली आहे. फक्त ते मावा नि पिठ्या ढेकणाला पाळतात, तेव्हा तसं दिसलं तर मात्र घर काढायचं.

खैऱ्यासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद नि चुन्याचं मिश्रण. शेजारच्या कुळागरात पोफळींना कोळेरोगासाठी दर पावसाळ्यात बोर्डो मारतात, त्यामुळे ते बनवणारा माणूस हाताशी होता. एक टक्क्याचं म्हणजे 10 लिटर पाण्याला 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत वेगवेगळं विरघळवून मग एकत्र, आणि केलेलं त्याच दिवशी संपवायचं. लोखंडी सुरी बुडवून बघायची, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. मेच्या शेवटी एक, मध्ये पावसाने उघडीप दिली तर एक आणि सप्टेंबरात एक. बुंध्याला पावसाआधी बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, 10 लिटर पाणी या मापाने, कलमाच्या सांध्याच्याही वर दोन वीत. रोगट फांद्या छाटायच्या त्या फेब्रुवारीत, कोरड्या हवेत. पावसात कात्री लावायची नाही, कात्रीनेच रोग झाडभर फिरतो.

दुसऱ्या वर्षी सीडलेसची पानं पिवळी पडली, शिरा हिरव्या नि मधला भाग फिका. काकींना वाटलं झाड गेलं. ते जस्ताची कमतरता होती, जांभ्याच्या मातीत नेहमी दिसते. झिंक सल्फेट अर्धा टक्का, म्हणजे 10 लिटरला 50 ग्रॅम, त्यात 25 ग्रॅम चुना घालून नव्या पालवीवर फवारलं, पुढची पालवी हिरवी आली.

तिसऱ्या वर्षापासून सीडलेस रोजची गरज भागवतंय, पावसाळ्याच्या मध्यावर थोडा खंड पडतो तेवढाच. फळ गडद हिरवं नि चकचकीत असतानाच काढायचं, पिवळं व्हायची वाट बघितली की रसाचा झणका जातो. काही फळांवर खैऱ्याचे डाग असतात, कुणी बघतही नाही.

ड्रममधल्या कागदीने जे दिलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घाटावरचे बागायतदार उन्हाळ्यात फळ मिळावं म्हणून हस्त बहर धरतात, ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, मग पाणी नि खत सुरू केलं की ऑक्टोबरात फुलं, आणि पाचेक-सहा महिन्यांनी नेमकं महागाईच्या दिवसांत फळ. गोव्यात जमिनीतल्या झाडाला हे शक्यच नाही, वरून पाऊस चालू असताना पाणी कसं तोडणार! पण शेडखालच्या ड्रमचं पाणी आपल्या हातात असतं. ऑगस्टच्या शेवटी पाणी कमी करत आणलं, पानं दुपारी जरा मलूल दिसेपर्यंत, अगदी वाळू द्यायचं नाही, मग गणपती झाल्यावर शेणखत, निंबोळी पेंड नि हळूहळू वाढवत पाणी. ड्रम अंगणात उन्हात आला आणि फुलांनी भरला. मार्चच्या शेवटापासून काकींना कागदी लिंबं मिळायला लागली, घरचीच, एप्रिलात.

समुद्राजवळच्या किंवा खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनीच्या) बाजूच्या घरांनी मात्र हे जसंच्या तसं उचलू नये. तिथे मेमध्ये विहिरीचं पाणी खारट होतं आणि लिंबाला मीठ चालत नाही, पानांची टोकं करपतात. तिथे ड्रमच बरा, साठवलेल्या पावसाच्या नाहीतर नळाच्या पाण्यावर. आणि ज्यांच्याकडे उन्हाची जागा दोन झाडांची आहे, निचरा चांगला आहे, त्यांनी कागदी जमिनीतच लावावं, बोर्डोचं वेळापत्रक पाळायची तयारी असेल तर.

आता काकींचं म्हणणं आहे की मानकुरादाची पश्चिमेची फांदी छाटली तर आणखी एक उन्हाची जागा होईल, तिथे माहेरच्या बियांचं रोप लावू, ते आता कमरेएवढं झालंय. फांदी छाटायला हरकत नाही, आंबे काढून झाल्यावर नि पावसाआधी. पण तिथेही आधी फूटभर खणून, पाणी भरून, दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं, नि पाणी उरलं तर पुन्हा चिऱ्यांचा ओटा. चिरे दादाने आणून ठेवलेत.